बाकावरची झोप

घोरणाऱ्या माणसाला आपण घोरतो हे माहीत नसतं. म्हणून या तक्रारीचा पेशंट माझ्याकडे कधी एकटा आला नाही. दाढ दुखते तो माणूस गालाला हात लावून स्वतःच्या पायांनी येतो. घोरणाऱ्याला मात्र आणलं जातं. खुर्चीत बसतो एक आणि तक्रार सांगतो दुसराच. ही गंमत मी पुष्कळ ठिकाणी सांगितली आणि लोक हसलेही. पण या गमतीतच एक खड्डा होता. त्यात मी पडलो असतो तर एक वेळ चाललं असतं. मी दुसऱ्यांना पाडलं आणि काठावर उभा राहून गंमत सांगत राहिलो.

देऊळगाव राजाला माझा दातांचा दवाखाना होता. उमेदीची वर्षं दाढा काढण्यात, चांदी भरण्यात आणि म्हाताऱ्यांना कवळ्या बसवण्यात गेली. पन्नाशी उलटल्यावर पुण्याच्या एका शिबिरात घोरण्यावरची प्लेट करायला शिकलो. आमच्या भागात तोवर हे काम कोणी करत नव्हतं. लोक तिला ‘घोरायची कवळी’ म्हणत. कवळी म्हटलं की माणसं बिचकत, म्हणून आधी समजवावं लागे की बाबा, दात तुझेच राहतील, हे फक्त रात्रीपुरतं त्यांच्यावर चढवायचं.

हा आजार शेतकऱ्याला पटकन कळतो. विहिरीवरची मोटर पाणी ओढते तेव्हा ओढीचा पाइप नरम असेल तर आतल्या आत चपटा होतो. घशाचंही तसंच. जागेपणी तिथले स्नायू ताठ असतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि वाट अरुंद होते. त्या फटीतून हवा जाताना आतले पडदे फडफडतात, तेच घोरणं. काहींची वाट पुरती मिटते. मग आवाजही नसतो आणि श्वासही नसतो. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, तो मोठ्याने श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. रात्रभर हेच चालतं. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. फक्त अंग जड असतं, डोकं दुखतं आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागतो.

प्लेट म्हणजे दोन पट्ट्या, एक वरच्या दातांवर आणि एक खालच्या, बाजूंना जोडलेल्या. त्या खालचा जबडा पुढे धरून ठेवतात. जीभ जबड्याला बांधलेली, त्यामुळे तीही पुढे येते आणि घसा मोकळा राहतो. बाजूला बारीक स्क्रू असतो. तो किल्लीने फिरवत जबडा हळूहळू, केसाकेसाने पुढे न्यायचा. सुरुवातीला लाळ गळते, सकाळी जबडा आखडतो, वरचे-खालचे दात काही वेळ एकमेकांवर बसत नाहीत. सवय झाली की माणूस प्लेट विसरतो.

शिबिरात एक नियम आमच्याकडून घोकून घेतला होता. आधी झोपेची तपासणी, मग प्लेट, आणि प्लेट घालून पुन्हा तपासणी. तपासणी म्हणजे मोठ्या दवाखान्यात एक रात्र अंगाला तारा लावून झोपायचं. श्वास कधी आणि किती थांबतो ते यंत्र टिपतं. आजार आहे की नाही हे फिजिशियनने ठरवायचं, दातवाल्याने नाही. आवाज थांबला म्हणजे श्वास नीट झाला असं समजू नका, हे शिकवणारे सर वारंवार बजावत. ज्वारीच्या राखणीत गोफणीचा आवाज बंद झाला म्हणजे पाखरं गेली असं नसतं. कधी राखणदारच झोपलेला असतो. ही उपमा माझी. शहाणपणाच्या गोष्टी सांगताना मी ती वापरत असे.

नांदुऱ्याचे एक अडते होते, कापसाच्या व्यापारातले. त्यांना त्यांचे मित्र घेऊन आले. हे सगळे मिळून गाडी करून देवदर्शनाला जात आणि धर्मशाळेत एका खोलीत उतरत. मित्रांनी आता अट घातली होती की शेठ, एक तर इलाज करा, नाहीतर तुमची गाडी वेगळी. शेठ खुर्चीत रेलून म्हणाले, “डाक्टरसाहेब, मी घोरत नाही. मी आपल्या कानानं कधी ऐकलं नाही.” मित्रांनी मोबाइलवर घेतलेला आवाज लावला. शेठनी तो मन लावून ऐकला आणि विचारलं, “ही कोणाची गाडी हो, सायलेन्सर फुटलेली?”

पण हेच शेठ भारी चिकित्सक. प्लेटमध्ये काय घालता, घशात गेली तर काय, आजार किती हे कसं कळतं, न करता काय होईल? शेवटी मी तपासणीचं बोललो. ते अकोल्याला जाऊन ती करून आले आणि प्लेट बसल्यावर पुन्हा करून आले. त्यांचा आजार खरोखर आटोक्यात आला. त्यांच्या बाबतीत सगळं नियमाने झालं, कारण शेठ मला नियम सोडू देईनात. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामाचं हे असं आहे.

आता रंजनाची गोष्ट. यात मी जी नावं लिहितोय ती त्या त्या माणसांना, आणि जे आता नाहीत त्यांच्या घरच्यांना, विचारून लिहितोय. मागच्या वेळी हा किस्सा छापला तेव्हा नावं लिहिली नव्हती आणि विचारलंही नव्हतं.

रंजनाला तिच्या सासूबाई घेऊन आल्या, बीबी गावच्या द्वारकाबाई. रंजनाचा नवरा गजानन दाराशीच चपला काढून उभा राहिला. द्वारकाबाईंनी बसायच्या आधीच सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं की पुरुष घोरला तर घर ऐकून घेतं. पण लग्नाच्या घरी साऱ्या बायका एका खोलीत निजतात, आणि गेल्या लग्नात नणंदा-भावजयांनी उशाशी बसून हसून घेतलं. “बाईमाणूस अन् घोरते,” त्या म्हणाल्या. “हिच्यापायी मले सोयऱ्यांत तोंड दाखवाले जागा नाही राह्यली, डाक्टर.” रंजना खाली मान घालून खुर्चीच्या हातावरची रेघ नखाने खरवडत होती.

मी तिचं तोंड तपासलं. अंगाने बारीक, वय लहान, खालचा जबडा जन्मापासून आखूड, हनुवटी मागे दबलेली. असा जबडा म्हणजे प्लेटसाठी सोनं. मी हरखलो. माझ्या डोक्यात या आजाराचा पेशंट म्हणजे जाड मानेचा, पोट सुटलेला पुरुष. हिला कसला आजार, हे नुसतं घोरणं, असं मी मनात ठरवून टाकलं. दुसरंही एक होतं. तपासणीसाठी औरंगाबादला जा म्हटलं की माणसं बहुधा परत येत नसत, आणि मला हा जबडा हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

तपासणीचं नावही मी काढलं नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढचं सगळं त्यावरच आहे.

माप घेताना पेशंटच्या तोंडात गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे असतो. तो घट्ट होईपर्यंत पेशंट बोलू शकत नाही. पण ट्रे काढल्यावरही मी रंजनाला काही विचारलं नाही. सकाळी उठल्यावर कसं वाटतं, दिवसा झोप येते का, हे या आजारातले पहिले प्रश्न. मी ते सोबत आलेल्याला विचारायचो. सोबतचं माणूस सांगायचं की साहेब, आमचीच झोप होत नाही. तेच मी उत्तर म्हणून धरायचो.

प्लेट जालन्याच्या लॅबमधून करून आली. छान बसली. मी किल्ली कशी फिरवायची ते दाखवलं आणि अधूनमधून बोलावलं. काही आठवड्यांतच द्वारकाबाई हसत आल्या. घर चिडीचूप झालं होतं. आवाज थांबला तिथे मी किल्लीही थांबवली.

शेवटच्या भेटीच्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. रंजना बाहेर बाकावर बसली होती. तिचा नंबर आला तेव्हा कंपाउंडरने हाक मारली, पुन्हा मारली, तरी ती उठेना. मी बाहेर डोकावलो. भर दुपारी, एवढ्या माणसांत, दाढेच्या दुखण्याने एक म्हातारा शेजारी कण्हत असताना, ती भिंतीला डोकं टेकून गाढ झोपली होती. मांडीवरची पिशवी खाली पडली होती, त्याचाही पत्ता नव्हता. द्वारकाबाई कौतुकाने म्हणाल्या, “पाहा, आता कशी निवांत झोपते.” बाकावरचे लोक हसले, मीही हसलो. मग द्वारकाबाईंनी जरा गंभीर होऊन विचारलं, “आता त आजार नाही ना हिले?”

“गेला,” मी म्हणालो.

त्या वर्षी याच दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे काहीतरी खुसखुशीत मागितलं. मी घोरणाऱ्यांचे किस्से लिहिले. शेठ होते, सायलेन्सर होता, आणि शेवटी बीबीची एक सून होती. तो शेवट मला अजून पाठ आहे. आमच्या प्लेटने एका घराचा संसार वाचवला आणि ती सून आता इतकी निश्चिंत झोपते की दवाखान्याच्या बाकावरसुद्धा तिला गाढ झोप लागते, असं मी लिहिलं होतं. जे लक्षण पाहून डॉक्टरने दचकावं, ते मी विनोद म्हणून छापलं.

बीबी गाव मोठं असलं तरी घोरायची कवळी लावणारी सून तिथे एकच होती. अंक गावात पोहोचला. कोणीतरी तो कट्ट्यावर मोठ्याने वाचला आणि मग तो द्वारकाबाईंच्या घरी गेला. मी नुसती थट्टा केली असती तर रंजनाने ती गिळली असती. पण ती थट्टा त्या घरात दाखला झाली.

रंजना पूर्वीही दिवसा पेंगायची. तेव्हा घरचे म्हणत, रात्री घोरून घोरून दमत असेल. आता आजार गेला होता आणि डॉक्टरने तसं छापून दिलं होतं. मग पेंगते ती कशापायी? उरला तो आळस. एकदा चुलीपुढे बसल्या बसल्या तिचा डोळा लागला, भाकर तव्यावर कोळसा झाली आणि हात तव्याला लागून भाजला. द्वारकाबाईंनी हाताला तूप लावलं, पण म्हणाल्या की हे सोंग आहे. असं दोनचारदा झाल्यावर गजाननने तिला माहेरी आणून सोडलं. आळस गेला की निरोप पाठवा, न्यायला येतो, असं सांगून गेला.

तिचे वडील किसनबा देऊळगाव राजाजवळच्याच एका खेड्यात भाजीपाल्याचं बियाणं पिकवत. आमच्याकडे हा उद्योग पुष्कळ घरांत आहे. शेतात हिरव्या जाळीचं शेडनेट उभं करायचं, त्यात टोमॅटो नाहीतर मिरची लावायची आणि एका जातीच्या फुलावर दुसऱ्या जातीचा पराग हाताने लावायचा. किसनबांची दाढ मीच काढली होती, म्हणून ते ओळखीचे. ते दवाखान्यात आले आणि दुखणेकऱ्यांच्या रांगेत बाकावर बसून राहिले. आत आल्यावर टोपी काढून हातात धरली.

“डाक्टरसाहेब, एक डाव बीबीले चला,” ते म्हणाले. “जास्त काही नका बोलू. एवढंच सांगा, पोरीचं दुखणं अजून गेलं नाही.”

आवाज तर थांबला ना, असं मी विचारलं.

“आवाज थांबला, साहेब. पण तिची माय तिच्याजवळ निजते. ती म्हणते, मधी मधी पोरीचा श्वासच ऐकू येत नाही. मंग एकदम दचकते, हवा वढते, अन् पुन्हा गप. माय रातभर तिच्या नाकाजवळ हात धरून बसून राह्यली.”

याहून स्पष्ट लक्षण मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. ऐकल्याबरोबर मला सगळं समजलं. हे मी आज लिहितोय म्हणून तेव्हा समजलं नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही. पण दार उघडं होतं, कंपाउंडर उभा होता, बाकावरची माणसं कान देऊन ऐकत होती आणि त्यातल्या निम्म्यांनी माझा लेख वाचून मला शाबासकी दिलेली होती. बीबीला जाऊन सांगायचं म्हणजे मी चुकलो असं सांगायचं. मी किसनबांना म्हणालो, “माझ्या प्लेटमध्ये दोष नाही. स्वभावावर माझ्याकडे औषध नाही.”

किसनबांनी वाद घातला नाही. टोपी घातली, दाराशी थांबून ‘येतो’ म्हणाले आणि गेले.

पण बाप हुशार होता. त्यांनी पोरीला घेऊन परस्पर औरंगाबाद गाठलं. तिथल्या फिजिशियननी प्लेट तोंडात असताना रात्रभर तपासणी केली आणि मला फोन लावला. ते म्हणाले की प्लेट उत्तम झाली आहे, पण तुम्ही अर्ध्या वाटेवर थांबलात. जबडा आणखी पुढे घ्यायला हवा होता, कारण घोरणं गेलं तरी श्वास अजून अडतोय. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला की प्लेटआधीची तपासणी कुठे आहे.

“सासरच्यांनी नकार दिला,” मी म्हणालो.

हे वाक्य कुठून आलं ते मला कळलं नाही. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की क्षणभर मलाही खरं वाटलं. पलीकडे फिजिशियन हळहळले आणि समोर बसलेल्या किसनबांना, फोन हातात असतानाच, मला ऐकू येईल असं म्हणाले, “अहो, तिच्या सासरच्यांनी तपासणी करू दिली नाही म्हणतात.”

औरंगाबादच्याच एका दंतवैद्याने माझ्या प्लेटची किल्ली फिरवत जबडा पुढे घेतला. मग पुन्हा तपासणी झाली. श्वास मोकळा झाला. प्लेट तीच होती. किल्लीचे थोडे फेरे राहिले होते, एवढंच.

रंजना बरी होत असल्याचं ऐकून गजानन तिला न्यायला आला. किसनबांनी त्याला अंगणातच थांबवलं आणि विचारलं की तपासणीला नाही काऊन म्हणाले. गजाननला काही समजेना. कसली तपासणी, असं तो विचारत राहिला. त्याने आईची शपथ घेतली की डॉक्टरने आम्हाला असलं काही सांगितलंच नाही. किसनबा म्हणाले, “डाक्टर कशाले खोटं बोलंल?” पुढे तो गावातले दोन जाणते घेऊन पुन्हा आला. तेव्हाही हेच. आळशी म्हणाला होता, ते किसनबांनी एक वेळ पोटात घातलं असतं. पण पोरीचा श्वास अडतो आहे हे माहीत असून तपासणी नाकारली आणि वर शपथ घेऊन खोटं बोलतो, अशा घरात ते तिला पाठवायला तयार नव्हते. बाप म्हणून त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सोडचिठ्ठी झाली. गजाननने पुढे दुसरं लग्न केलं. द्वारकाबाईंना मात्र सोयऱ्यांमध्ये जन्माचं नाव पडलं, सुनेचा श्वास अडला तरी दवाखाना न दाखवणारी सासू.

हे सगळं मला त्या त्या वेळी कळत होतं. देऊळगाव राजा तेवढं मोठं नाही, आणि दातांच्या डॉक्टरकडे सगळ्या बातम्या येतात. एक शब्द सांगितला असता तर बैठक फिरली असती. मी सांगितला नाही. उलट डॉक्टरांच्या मेळाव्यात, सत्काराच्या भाषणात मी बीबीच्या सुनेचा किस्सा सांगत राहिलो. दरवेळी बाकापर्यंत येऊन थांबायचो. पुढे टाळ्या.

मग आज का लिहितो? बायको गेल्यापासून माझ्या खोलीत माझं घोरणं ऐकणारं कोणी नाही. गेल्या वर्षी एका वाचनालयाच्या कार्यक्रमात मी व्यासपीठावरच झोपलो. पुढच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं, डॉक्टर निवृत्त झाले, आता निवांत झोपतात. लोक हसले. मुलाने मला संभाजीनगरला नेऊन तपासणी करवली. तारा लावणाऱ्या मुलीने लावता लावता विचारलं, “आजोबा, सकाळी उठल्यावर कसं वाटतं?”  हा प्रश्न मी आयुष्यभर चुकीच्या माणसाला विचारला होता. आजार निघाला. माझे उरलेले दात प्लेटला पुरत नाहीत, म्हणून मी आता नाकावर मास्क लावून यंत्राच्या हवेवर झोपतो. डोकं स्वच्छ झालं आणि पहिल्यांदा जे स्वच्छ आठवलं ते हे.

किसनबा तोवर वारले होते. त्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच. शेत आता रंजना पाहते. मी गेलो तेव्हा ती शेडनेटमध्ये बायकांबरोबर क्रॉसिंगचं काम करत होती. टोमॅटोच्या न उमललेल्या कळीतले पुंकेसर बारीक चिमट्याने काढून टाकायचे, कळीला धक्का लागू द्यायचा नाही. डोळ्यावर जरा पेंग असेल तर कळी तुटते. ती वाकून एकेक कळी करत होती. मी जाळीच्या दाराशी उभा राहिलो. तिने मला ओळखलं, हातातली फांदी पुरी केली आणि मगच बाहेर आली.

“या, डाक्टरसाहेब,” ती म्हणाली. “प्लेट चांगली हाये अजून. पहिली झिजली, दुसरी करून घेतली.”

 मी विचारलं, “रंजनाताई, सकाळी उठल्यावर कसं वाटतं?”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. थट्टा करतोय का ते पाहत असावी.

“उठल्यासारखं वाटते,” ती म्हणाली.

इथे लेख संपवला असता तर छान झालं असतं. मागच्या वेळी मी तसंच केलं होतं. तिथून निघावं असं मला त्या दिवशीही वाटलं, आणि मी एक पाऊल वळलोही. मग परत फिरून तिला फोनवरचं वाक्य सांगितलं. तपासणीचं मी सासरी कधी बोललोच नव्हतो, तुझ्या वडिलांना जे कळलं ते माझं खोटं होतं, असं सांगितलं.

 ती हातातला चिमटा उघडत-मिटत राहिली. आतून एका बाईने हाक मारली, तिने हाताने थांब म्हणून खूण केली.

“म्हंजे तो खरं बोलून राह्यला होता,” ती म्हणाली. “अंगणात उभा राहून रडला. बाबांनी पाणी बी नाही विचारलं त्याले.” मग, “बीबीले जाऊन सांगितलं का?”

नाही, म्हणालो.

“मंग इथं काऊन आले पहिले? माह्यावर आळसाचं नाव पडलं होतं, ते धुतलं गेलं. त्याच्यावरचं अजून तसंच हाये. जा. अन् लिवा बी. तवा लिवलं होतं ना हसासाठी? तशाच पुस्तकात लिवा. माहं नाव टाका, त्याचं बी टाका, त्याले विचारून.”

ती आत गेली. मला जा म्हणाली, बस म्हणाली नाही. ते बरोबरच होतं.

बीबीला गजानन ओट्यावर बसून मुलाच्या सायकलची चेन बसवत होता. द्वारकाबाई खाटेवर होत्या. मी शेजारी बसून हळू आवाजात सगळं सांगितलं.  गजानन माझ्याकडे न पाहता चेनवरचं काळं तेल बोटांनी पुसत राहिला. मग म्हणाला, “मायले ऐकू कमी येते, साहेब. मोठ्यानं सांगा.”

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. शेजारच्या ओट्यावरचे लोक बोलायचे थांबले. गजाननची दुसरी बायको दारात आली.

द्वारकाबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्या शेजारच्या ओट्याकडे पाहून म्हणाल्या, “ऐकलं का बाप्पा? मी त सांगतच होती.” आणि माझ्याकडे वळून, “मंग लोक इतके वर्ष मले जे बोलले, त्याचं काय करता डाक्टर?”

मी काय करणार? म्हणून ज्या अंकात मी पहिल्यांदा लिहिलं होतं, त्याच अंकात हे जमेल तेवढ्या मोठ्याने लिहितो. बीबीच्या द्वारकाबाई आणि गजानन यांनी तपासणीला कधी नकार दिला नव्हता. त्यांना कोणी ती सांगितलीच नव्हती. सांगायचं काम माझं होतं. गजाननने घेतलेली शपथ खरी होती. आणि रंजना त्या दुपारी माझ्या बाकावर निवांत झोपली नव्हती.